रिपीटरकाका

पोह्यात मीठ जास्त पडलं तर तुम्हीआम्ही एक पेला पाणी जास्त पितो आणि गप्प बसतो. रिपीटरकाका घास खाली ठेवतात आणि विचारतात, "वहिनी, मीठ किती घालायचं ते माहीत नव्हतं, की माहीत असून विसरलात, की घाईत दोनदा पडलं?"

आमची ही म्हणाली, "फोन आला होता मधेच. पडलं असेल दोनदा."

काकांचा चेहरा उजळला. "मग हिरवं! हिरव्याची काळजी करू नका. हिरवं आठ दिवसांत जातं." आणि उरलेले खारट पोहे त्यांनी समाधानानं संपवले.

ओळखलंत ना? तुमच्याही गल्लीत असणारच. बारावीनंतर एक वर्ष घरी बसून, जिद्दीनं अभ्यास करून यानं कधीकाळी मार्क वाढवलेले असतात, आणि त्या वर्षातून तो अजून बाहेर पडलेला नसतो. माणसाच्या आयुष्यात शिक्षण, नोकरी, लग्न, घर असे टप्पे असतात म्हणे. याच्या आयुष्यात दोनच: पहिला अटेम्प्ट आणि दुसरा अटेम्प्ट. पुढचं सगळं कॅप राउंड. आम्ही राहतो लातुरात, त्यामुळे आमच्याकडे हा प्राणी गल्लीला दोन या हिशेबानं सापडतो. पण सहकारी बँकेत नोकरी करणारे आमचे काका म्हणजे त्यातला मेरिटचा नग. वयानं ते माझ्याहून लहान आहेत, तरी मीही त्यांना काकाच म्हणतो. दोन मार्कांवरून वाद घालणाऱ्याला वय विचारायचं नसतं.

काकांचं "४३ मार्क वाढले होते" हे वाक्य तुम्हाला पहिल्या भेटीत पाच मिनिटांच्या आत ऐकायला मिळतं. ते कसे वाढले, हे पुढच्या पन्नास मिनिटांत. आणि त्या पन्नास मिनिटांचा ऐवज म्हणजे एक शंभर पानी वही, तीन पेनं आणि तीन रंग.

लाल म्हणजे आलंच नाही. धडा वाचलेला नाही, किंवा वाचला पण डोक्यात शिरला नाही. निळं म्हणजे येत होतं, ऐन वेळी आठवलं नाही. आणि हिरवं म्हणजे येत होतं, आठवलंही होतं, तरी हातानं घाण केली: 'चुकीचे विधान ओळखा' असं स्पष्ट छापलेलं असताना बरोबर विधान ओळखलं, वजाचं चिन्ह पुढच्या ओळीत उतरवलंच नाही, ५७ चा गोळा ५८ ला रंगवला. क्लासवाले याला सिली मिस्टेक म्हणतात आणि हसून सोडून देतात. काकांना हे हसणं सहन होत नाही. लालला धडा, निळ्याला उजळणी, हिरव्याला हात आवरणं, असे त्यांचे उपचार ठरलेले. एका रंगाचा उपचार दुसऱ्याला केला की वर्ष वाया जातं, असं ते डॉक्टरी आवाजात सांगतात.

इथपर्यंत ठीक. अडचण अशी, की परीक्षा संपली, वही भरली, पेनांतली शाई वाळली, पण रंग काही थांबले नाहीत.

लग्नात भटजींनी नवरदेवाऐवजी त्याच्या धाकट्या भावाचं नाव घेतलं. मंडपात हशा. काका पंगतीतूनच ओरडले, "हिरवं!" वॉर्डातला उमेदवार सपाटून पडला. दुसऱ्या दिवशी काका सांत्वनाला गेले आणि म्हणाले, "तुमचं लाल होतं हो. वॉर्डात गल्ल्या किती, हेच तुम्हाला माहीत नव्हतं. पुढच्या वेळी आधी सिलॅबस बघा." टीव्हीवर कुणी धावबाद झालं की काकांच्या घरातून समालोचन सुरू होतं, अंपायरच्या आधी रंग ठरलेला असतो. कोपऱ्यावरचे आबा गेले, त्यांच्या दहाव्याला थोरला मुलगा रडत सांगत होता की दोन दिवस आबांची बीपीची गोळी घ्यायची राहिली. काकांनी मान हलवली आणि अगदी हळू, स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाले, "निळं." शेजारचे गृहस्थ मागं वळून बघायला लागले, त्यांना वाटलं कुणी निळकंठ आला.

काकूंना मी एकदा विचारलं, "तुम्ही कसं काय निभावता हे?"

काकू म्हणाल्या, "मला बघायला आले तेव्हा ह्यांनी माझं नाव चुकीचं घेतलं. घरी जाऊन वहीत लिहून ठेवलं म्हणे."

"कुठल्या रंगात?"

"ते विचारायला तर लग्न केलं."

जून लागला की काकांना उधाण येतं. निकाल लागलेले असतात, आणि ट्यूशन एरियात बापाचा हात धरून एकेक उतरलेला चेहरा रिपीटर बॅचची फी विचारत फिरत असतो. वर गुणवंतांचे हसरे फोटो लावलेले मोठाले बोर्ड, खाली मेसचे डबे, सायकली आणि भाड्याच्या खोल्या दाखवणारे दलाल. काका बँकेतून सुटले की मुद्दाम तिकडून घरी येतात. अनोळखी पोराला गाठतात. "नीट का? किती आले? पेपर आहे का जवळ?" बापाला वाटतं हा क्लासचा एजंट. काका त्याच्याकडं दुर्लक्ष करतात आणि पोराला त्यांचा आवडता प्रश्न घालतात, "एक चूक सुधारली की किती मार्क वाढतात?"

पोरगं म्हणतं, "चार."

"पाच! बरोबरला चार मिळाले, आणि चुकीचा वजा एक गेला तो कोण मोजणार? वीस चुका हिरव्या असल्या तर शंभर मार्क तुझ्याच पेपरात पडलेत. आणि तू कुठं चाललायस? नवीन पुस्तक घ्यायला!"

नवीन पुस्तक, नवीन क्लास आणि नवीन टाइमटेबल ही काकांच्या लेखी जूनमधली तीन व्यसनं. टाइमटेबलावर तर त्यांचा खास राग. पहाटे साडेचारला उठणे, हे वाक्य ज्या कागदावर आहे तो कागद बापानं लिहिलेला असतो, हे ते दुरून ओळखतात. लातूर पॅटर्न म्हणून जे एकेकाळी बोर्डाच्या गुणवत्ता यादीत गाजलं आणि राज्यभर पोचलं, त्यावरही त्यांचं एक मत आहे. पेपर सोडवा, तपासा, पुन्हा सोडवा, एवढाच तो मूळ प्रकार. त्यातल्या सोडवण्याचा गाजावाजा झाला. तपासण्याचा बोर्ड कुणी लावला नाही. हे मत मला पटतं, पण मी ते त्यांना सांगत नाही. सांगितलं तर अजून पन्नास मिनिटं.

आमच्या वरच्या खोलीत उदगीरची एक पोरगी राहायची. २०२३ च्या नीटला तिला ७२० पैकी ३८८ पडलेले, म्हणून रिपीट करत होती. रोज रात्री नऊला वडिलांचा फोन. "लक्ष लागंना व्हय? मोबाइल बघायलीस का?" पोरगी मोबाइल बघत नव्हती; वडिलांचाच फोन घेत होती. एका रविवारी क्लासच्या टेस्टला ४१२ आले आणि ती जिन्यात बसून रडायला लागली. नेमके काका आमच्याकडं आलेले.

"रडायलीस कामून? पेपर आण."

मला वाटलं, झालं. आता या पोरीच्या दुःखालाही हे रंग देणार. दिलेच. तिथंच जिन्यावर बसून त्यांनी दीड तास तो पेपर पाहिला. १११ बरोबर, ३२ चूक, ३७ कोरे. प्रत्येक चुकीला ते तिलाच विचारत, "हे आलं नव्हतं, आठवलं नव्हतं, की घाई केलीस?" पहिल्या आठ-दहा प्रश्नांना ती घाबरत उत्तर देत होती, नंतर स्वतःच रंग सांगायला लागली. शेवटी हिशेब निघाला: लाल ७, निळे ९, हिरवे १६. कोऱ्यांचं पान वेगळं.

"सोळा पाचे किती?"

"ऐंशी."

"म्हणजे तू ४९२ ची आहेस. ४१२ फक्त छापून आलंय."

पोरगी हसली. मी तिला त्या खोलीत आल्यापासून पहिल्यांदा हसताना पाहिलं. मग काकांनी उपचार सांगितले. प्रश्नातल्या 'नाही', 'चुकीचे', 'वगळता' या शब्दांभोवती गोल करायचा. सगळा पेपर झाल्यावर एकदम गोळे रंगवत बसायचं नाही, पानापानाला रंगवायचे. जीवशास्त्र म्हणजे निम्मा पेपर, ३६० मार्क. ते आधी उरकून उरलेला वेळ फिजिक्सला द्यायचा. एनसीईआरटीचं पुस्तक आकृतीखालच्या बारीक अक्षरासकट वाचायचं. निळे प्रश्न दुसऱ्या दिवशी, मग आठ दिवसांनी, मग महिन्यानं पुन्हा सोडवायचे, उत्तर झाकून. आणि दर रविवारी फक्त जुन्या चुकाच.

पुढच्या टेस्टला ३९६ आले.

मी काकांकडं विजयी मुद्रेनं पाहिलं. त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. "पेपर अवघड होता. लाल वाढलंय, पण हिरवं सोळाचं अकरा झालंय. मार्क बघू नको, रंग बघ." असं म्हणणं सोपं असतं, असं मला वाटलं. पण दिवाळीपर्यंत ती पोरगी पाचशेच्या पुढं गेली, आणि नऊच्या फोनवर वडिलांनाच सांगायला लागली, "पप्पा, आज हिरवं तीनच." उदगीरला तिच्या घरात काही दिवस गोंधळ होता. त्यांना वाटलं, पोरगी भाजीपाल्याचं काहीतरी सांगते.

आता २०२४ च्या परीक्षेचं सांगायला हवं, कारण तिथं काकांची वही अडली.

निकाल लागला ४ जूनला. पोरीला ५८७. वाढ १९९ मार्कांची! काका आमच्या दारात पेढ्यांचा पुडा घेऊन हजर. स्वतःच्या ४३ मार्कांचा त्या दिवशी त्यांनी उल्लेखही केला नाही. पण देशभरात ६७ जणांना पैकीच्या पैकी मार्क पडले होते, आणि लोकांचे डोळे पांढरे झाले होते. पेपरफुटीचे आरोप, वेळ वाया गेला म्हणून १,५६३ जणांना दिलेले वाढीव मार्क, ते रद्द करून त्यांच्यासाठी पुन्हा परीक्षा, सुप्रीम कोर्ट, सगळं रामायण झालं. त्यातच फिजिक्सचा एक प्रश्न निघाला. अणूंविषयीचा. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात लिहिलं होतं की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात. नव्या आवृत्तीत ते 'बहुतेक' मूलद्रव्यांचे झालेलं. परीक्षा घेणाऱ्यांनी आधी दोन्ही उत्तरांना मार्क दिले. मग कोर्टानं दिल्ली आयआयटीच्या तज्ज्ञांना विचारलं, त्यांनी एकच उत्तर बरोबर ठरवलं, आणि जुन्या पुस्तकाप्रमाणे उत्तर दिलेल्या चार लाखांवर मुलांचे पाच-पाच मार्क उडाले. पैकीच्या पैकीवाले ६७ चे अखेर १७ राहिले.

आमच्या पोरीनं पुस्तकं वरच्या वर्गातल्या मुलीकडून निम्म्या किमतीत घेतलेली. जुनी आवृत्ती. आकृतीखालच्या बारीक अक्षरासकट पाठ. ५८७ चे ५८२ झाले.

काका आले, वही उघडली, तिन्ही पेनं काढून मांडीवर ठेवली. मला राहवेना. म्हणालो, "काका, हे कुठल्या रंगात?"

"तिला येत होतं," काका म्हणाले. "आठवलंही. घाई पण नाही केली."

"मग?"

त्यांनी तिन्ही पेनांना टोपणं घातली, आमच्या मुलाची पेन्सिल मागितली आणि तो प्रश्न पेन्सिलीनं लिहिला. परीक्षा घेणाऱ्यांची ती सिली मिस्टेक होती की त्यांनी सिलॅबसच वाचला नव्हता, म्हणजे हिरवं की लाल, यावर मी त्यांना छेडायला हवं होतं. इतकी सोपी संधी पुन्हा येणार नव्हती. पण त्यांचा चेहरा बघून मी चहा टाकायला सांगितलं.

पाच मार्क गेले नसते तरी त्या वर्षी ५८७ ला सरकारी एमबीबीएसची तिच्यापुरती आशा नव्हती, इतकी यादी फुगलेली. ती आज सरकारी कॉलेजात बीएएमएस करते आहे. आणि पुढच्याच वर्षीचा तमाशा बघा. आमच्या मागच्या बोळातल्या मुलाला २०२४ मध्ये ५९८ होते, सीट नव्हती. २०२५ ला त्यानं रिपीट केलं आणि त्याला पडले ५२१. वर्षभर खोलीत कोंडून घेतलेल्या पोराचे ७७ मार्क कमी झाले म्हणून घरात सुतक. बाप ओसरीवर डोक्याला हात लावून बसलेला. तेवढ्यात काका आले ते पेढे मागतच. बापानं त्यांना मारायचं तेवढं बाकी ठेवलं. काकांनी शांतपणे समजावलं, की यंदा फिजिक्सनं देशभर सगळ्यांना झोपवलंय, अख्ख्या भारतात पहिला आला त्यालाच ६८६ आहेत. मार्क बघू नका, नंबर बघा. आणि खरंच, पोराला सरकारी सीट मिळाली. ५८२ ची पोरगी बाहेर, ५२१ चा पोरगा आत. दोघांनी केलेला अभ्यास तोच, वही तीच, शाई त्याच दुकानातली.

त्या रात्री मी काकांना तो प्रश्न विचारला, जो इतक्या वर्षांत गल्लीतल्या कुणीच विचारला नव्हता. ४३ मार्क वाढले, हे आम्हाला सगळ्यांना पाठ होतं. ते वाढून काय मिळालं?

"काही नाही," काका म्हणाले. "वाढले ४३. लागत होते ४६."

२००१ ची गोष्ट. तेव्हा राज्याची सीईटी होती, आणि मेडिकलच्या ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना. मराठवाड्यात सरकारी कॉलेजं मोजकीच. लातूरला तर नव्हतंच. ते निघालं २००२ साली. म्हणजे काकांच्या शहरात, काकांच्या घरापासून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावर, एक वर्ष उशिरा. तिसऱ्यांदा बसायला वडिलांनी नाही म्हटलं. काका त्याच वहीच्या मागच्या पानांवर बँकेच्या परीक्षेच्या चुका लिहायला लागले आणि पहिल्या फटक्यात पास झाले.

"मग ते तीन मार्क कुठल्या रंगाचे?"

"ते माझे चुकलेलेच नव्हते, दादा. त्या वर्षी बाकीच्यांचेही वाढले."

तीन रंगांच्या वहीत न बसणारं हे एवढंच. बावीस लाखांवर पोरं एका दिवशी एकच पेपर देतात, आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आतबाहेर. त्यातल्या सरकारी म्हणजे परवडणाऱ्या, निम्म्याच्या आसपास. सगळ्यांनी वह्या केल्या, सगळ्यांचं हिरवं संपलं, तरी जागा तेवढ्याच. क्लासच्या बोर्डावर हे कुणी लिहीत नाही, आणि काकाही परीक्षेआधी मुलांना हे सांगत नाहीत. मी त्यांना टोकलं, की ही लबाडी झाली.

"बावीस लाखांचा हिशेब करून त्या पोरीला काय करायचंय? तिच्या चुका बत्तीस. बत्तीसाचा करू दे."

मला हा माणूस अजूनही अर्ध्या तासाच्या वर झेपत नाही. गेल्या महिन्यात त्यांनी माझ्या स्कूटरच्या पंक्चरला लाल ठरवलं आणि पंक्चरवाल्याशी त्यावरून वाद घातला. पण एक गोष्ट मान्य करायला हवी, आणि ती त्यांच्या कानावर जाणार नाही अशी व्यवस्था मी केलेली आहे. घरात, क्लासात, रात्री नऊच्या फोनवर, चुकलेल्या पोराला जे विशेषण सर्रास मिळतं ते 'ढ' हे आहे. काकांच्या वहीत तीन रकाने आहेत, आता पेन्सिलीचा चौथा झाला. 'ढ'चा रकाना त्यांनी कधी आखलाच नाही. उदगीरची पोरगी सुट्टीला येते तेव्हा आधी त्यांच्याकडं जाते, मग आमच्याकडं. सोबत वही असते. शरीररचनेच्या पेपरातलं हिरवं दाखवायला.

तुमच्या घरी यंदा कुणी रिपीट करत असेल, तर काका रविवारी दुपारी चारनंतर मोकळे असतात. पैसे घेत नाहीत. येताना सोडवलेला पेपर, उत्तरतालिका, शंभर पानी वही आणि तीन पेनं आणावीत. वडिलांना आणू नये.